आपल्या माणसाला स्पॅनिशमध्ये काय म्हणून हाक मारतात? अनुभव लिहा

भटकभवानी:
काल गरम कपडे उन्हात टाकायला माळ्यावरची बॅग काढली आणि तळाशी रुआना सापडली. जाड लोकरीची, राखाडी, मधे डोकं घालायला चीर. कोलंबियातल्या बोयाका भागातली. नाकाशी धरली तर चुलीच्या धुराचा वास अजून येतोय. बाकीचे कपडे तसेच राहिले, मी गच्चीत बसून राहिले.

२०११-१२ मध्ये मी कामासाठी तुन्खा नावाच्या गावी दीड वर्ष होते. बोयाकाची राजधानी, साधारण २८०० मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वरच्या दुपटीहून वर. बारा महिने गारठा. एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात वरची खोली भाड्याने घेतली होती. पुण्यात रानडेला शिकलेलं स्पॅनिश घेऊन गेले होते. आम्हाला शिकवलं होतं की जवळच्या माणसाला ‘तू’ आणि परक्याला, मोठ्याला ‘उस्तेद’. (हो, स्पॅनिशमधलं ‘तू’ म्हणजे आपलं ‘तू’च. उच्चारही तोच. पहिल्याच तासाला मला त्या भाषेबद्दल माया वाटली ती यामुळे.)

तर हे दोघं लग्नाला पन्नास वर्षं झालेली माणसं, आणि एकमेकांना ‘उस्तेद’! त्यावर आणखी ‘सुमर्से’. “सुमर्सेने रुआना घातली का?” “सुमर्सेला आणखी एक बटाटा वाढू?” मला वाटलं यांचं भांडण झालंय. पहिले दोन आठवडे मी जेवताना मान खाली घालून जेवायचे. शेवटी एकदा भांडी विसळताना काकूंना विचारलंच. त्या इतक्या हसल्या की हातातलं पातेलं खाली ठेवावं लागलं. म्हणाल्या, ‘तू’ काय कुणालाही म्हणता येतं, हा माझा नवरा आहे.

सुमर्से म्हणजे ‘सु मेर्सेद’, आपली कृपा, आपली मर्जी. सरदार-दरकदारांना म्हणायचं संबोधन. ‘उस्तेद’सुद्धा ‘बुएस्त्रा मेर्सेद’ झिजून झिजून झालेला. म्हणजे हवेलीतला शब्द डोंगरातल्या बटाट्याच्या शेतात येऊन नवऱ्यापाशी बसला. आता तिकडे सगळ्यांनाच म्हणतात, भाजीवाल्याला, पाहुण्याला, पोरांनासुद्धा. मलाही म्हणायच्या. पण काकांना म्हणताना काकूंचा आवाज अर्धी पट्टी खाली यायचा, आणि ते मला जिन्यावरूनही कळायचं.

मला सांगलीची आजी आठवायची. जन्मभर ‘अहो’. शेवटची दोन वर्षं आजोबांना ऐकू येत नव्हतं तरी नाव घेतलं नाही. दाराच्या चौकटीवर बांगडी वाजवायची. ती बांगडी त्यांना कशी ऐकू यायची हे घरात कुणालाच कळलं नाही.

तुमच्यापैकी कुणी तिकडे राहिलंय, कुणाचा जोडीदार तिकडचा आहे, कुणी नुसती भाषा शिकलंय. काय काय ऐकलंत, कुणाकडून, कधी, सगळं लिहा.

चहाबाज:
बांगडीवर थांबलो. बाकी नंतर वाचतो.
तिकडे थंडीत प्यायला काय द्यायचे?

भटकभवानी:
@चहाबाज आग्वा दे पानेला. पानेला म्हणजे आपला गूळच, उसाचा रस आटवून केलेला, ढेप चौकोनी किंवा गोल. पाण्यात उकळायचा, कधी दालचिनी, आणि कपात चीजचा तुकडा टाकायचा. तो वितळून तळाला जातो, चमच्याने खायचा. आणि तिकडे ‘तिंतो’ मागितलंत तर कोरी कॉफी येते, स्पेनमध्ये तोच शब्द लाल वाइनला.

ग्वादालाहाराचा मिरजकर:
बायको मेक्सिकन. लग्नाला नऊ वर्षं. मला ‘गोर्दो’ म्हणते. गोर्दो म्हणजे जाड्या. माझं वजन ५८ किलो.
आई पहिल्यांदा राहायला आली तेव्हा दोन दिवसांत तिने ओळखलं की सून मुलाला ज्या नावाने हाक मारते ते काही नाव नाही. अर्थ विचारला, मी सांगितला. आई गप्प. दुसऱ्या दिवसापासून मला एक चपाती जास्त वाढायला लागली, की बघ, जाड नाहीये तो, त्याला खायला घाल. बायकोला वाटलं सासूबाई माझ्या ‘गोर्दो’ला मनावर घेऊन मदत करतायत. दोघी खूश. मी तीन महिन्यांत खरंच गोर्दो झालो.

इकडे अंगावरून हाक मारणं म्हणजे जवळीक. फ्लाको-फ्लाका म्हणजे किडकिडीत. चापारीता म्हणजे बुटकी. माझ्या शेजारचे आजोबा त्यांच्या बायकोला चापारीता म्हणतात आणि त्या त्यांच्यापेक्षा उंच आहेत. ‘बिएखो’ म्हणजे म्हातारा, हे नवऱ्याला. पंचविशीतल्या नवऱ्यालाही.

बुलबुल_बीए:
@मिरजकर ‘बिएखा’ सांभाळून हं. मेक्सिकोत ‘मी बिएखा’ म्हणजे माझी बायको, अर्जेंटिनात ‘मी बिएखा’ म्हणजे माझी आई. इथे ब्युनोस आयर्सला एका मेक्सिकन सहकाऱ्याने सांगितलं की शनिवारी बिएखाला घेऊन नाचायला जातोय, सगळ्यांनी केवढं कौतुक केलं त्याचं. आईला नाचायला नेतो म्हणून.

शब्दखूण:
वाचणाऱ्यांसाठी एक, स्पॅनिश ‘मी’ म्हणजे ‘माझा/माझी/माझं’. मी आमोर = माझं प्रेम. स्वतःबद्दल चाललंय असं वाटायला नको.

गंमत म्हणजे या हाका माणसाप्रमाणे लिंग बदलत नाहीत. आमोर पुल्लिंगी, बायकोलाही मी आमोर. बिदा (आयुष्य) स्त्रीलिंगी, नवऱ्यालाही मी बिदा. कारिन्यो, कोरासोन (काळीज), सिएलो (आभाळ, आणि स्वर्गही), तेसोरो (खजिना), सगळे आहेत तसेच. आपण मुलीला नाही का म्हणत, “ये माझ्या राजा”? तिकडे मात्र राजा ‘मी रेई’ आणि राणी ‘मी रेइना’ असं वेगवेगळं.
वर ‘-ईतो, -ईता’ लावा की आणखी लाड. आमोरसीतो, सिएलीतो, गोर्दीता. आपलं सोनं ते सोनुली, तसं. कुकर झाला, येते.

खारीक:
कोस्टारिकात पहिल्या आठवड्यात. सान होसेचा बाजार. पपया घेत होतो, नवरा शेजारी उभा. विकणारी बाई त्याला म्हणाली, मी आमोर, आणखी काय देऊ. तो लाल. मी बघतेय त्याच्याकडे. मग ती मला म्हणाली, आणि तुला काय देऊ मी आमोर. मग मागच्या आजींना मी आमोर. मग पोलिसाला.
आठवड्याभरात मी पण बसवाल्याला म्हणायला लागले आणि नवऱ्याला म्हणायचं बंद झालं, कारण मग घरात वेगळं काय राहिलं? त्याच्यासाठी ‘मी सोल’ शोधला. सोल म्हणजे सूर्य. बाहेर कुणाला म्हणत नाही, त्याच्यासाठीच ठेवलाय.

कुंदा_ता:
कॅनरी बेटांवर तसंच मी निन्यो मी निन्या, माझं बाळ. सत्तरीच्या माणसाला पोस्टातली मुलगी. फार गोड वाटतं कानाला

खारीक:
हो! आणि कोस्टारिकातल्या जेवणाच्या ताटाचं नाव ‘कासादो’. भात, काळा घेवडा, कोबी, तळलेलं केळं, मासा किंवा चिकन. कासादो म्हणजे शब्दशः लग्न झालेला. आणि कान्सादो म्हणजे दमलेला. एका ‘न’चा फरक. माझा नवरा दमून घरी यायचा आणि घरमालकिणीला रोज सांगायचा, माझं लग्न झालंय. ती रोज अभिनंदन करायची.

जाईजुई:
लिहू की नको असं दोन दिवस चाललंय. लिहिते.

माझा रंग सावळ्याहून गडद. लहानपणी शाळेत ‘काळी’ हेच नाव होतं. पुढे स्थळं बघताना एका घरातून निरोप आला होता, मुलगी हुशार आहे पण. वाक्य तिथेच संपलं होतं. हे सांगायचं कारण, २०१६ ला अर्जेंटिनात कोर्दोबाला माझ्या जोडीदाराच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा त्याच्या आईने दारातच मिठी मारली आणि म्हणाली, “पासा, नेग्रीता.” ये गं काळे.

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. तिच्या मनात काही नव्हतं हे मला तेव्हा कुठून कळणार. जेवताना लक्षात आलं की त्यांच्याकडे दुधासारखी गोरी आत्या आहे तिलाही सगळे ‘नेग्रा’च म्हणतात, आणि त्याचे वडील त्याच्या आईला चाळीस वर्षं ‘नेग्रा’ म्हणतायत. मेर्सेदेस सोसा, केवढी मोठी गायिका, तिला आख्खा देश ‘ला नेग्रा’ म्हणायचा, अभिमानाने. जोडीदाराने रात्री हे सगळं समजावलं. मी ऐकून घेतलं आणि त्याला माझं सांगितलं. शाळेपासूनचं. तो बराच वेळ काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या आईने मला ‘फ्लाका’ म्हटलं. त्या घरात मला नेग्रीता म्हणून परत कुणी हाक मारली नाही. आणि त्याने सांगितलं की त्या दिवशी त्याची आई त्याला म्हणाली होती, तुझ्या बाबांनी मला ज्या शब्दाने आयुष्यभर हाक मारली तो शब्द कुणाला लागू शकतो हे मला कधी सुचलंच नाही.

चहाबाज:
जाईजुई, मिठी.

बुलबुल_बीए:
मी पण अर्जेंटिनातच आहे, मला हे कधी जाणवलं नव्हतं. माझ्या बॉसला सगळे नेग्रो म्हणतात, मीही म्हणते. तुमचं वाचून थांबले जरा.

पंढरीनाथ_के:
ताई, आपल्याकडेही विठ्ठलाला सावळा, काळा म्हणून केवढं आळवलंय. मनाला लावून घेऊ नका.

जाईजुई:
@पंढरीनाथ दादा, विठोबाला लाडाने म्हणतात हे खरं आहे, माझी आईही म्हणते. मला शाळेत लाडाने म्हणत नव्हते. त्या घरात लाडाने म्हणत होते, पण कानाला आधीचंच ऐकू येतं. तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंत ते कळलं.

सिंधू_६२:
माझी मुलगी स्पेनमध्ये सेविल्याला दिली आहे. जावई तिकडचा. तो तिला मियार्मा मियार्मा असं काहीतरी म्हणायचा. मला वाटले घरात अर्माळा की आरमार काय म्हणतोय. मुलीने सांगितले की मी आल्मा, माझा आत्मा, त्यांच्या अंदालुसिया भागात ल चा र होतो म्हणून मी आर्मा. आता मलाही म्हणतो. व्हिडिओ कॉलवर माझे यजमान बाजूला असतात त्यांना आवडते ऐकायला. पण स्वतः मला काही म्हणत नाहीत, ‘ऐकलं का’ म्हणतात. मुलगी म्हणते बाबा तुम्ही पण म्हणा एकदा. ते म्हणाले, तुझ्या आईला माहीत आहे.
मोबाईलवर टाइप करते आहे चूक माफ करणे.

भटकभवानी:
@सिंधूताई काहीही चूक नाही, “तुझ्या आईला माहीत आहे” हे वाचून मी उठून आईच्या खोलीत जाऊन आले.

शब्दखूण:
बरोबर सांगितलंत ताई. आणि सिएलो तुमच्या जावयाच्या देशात बहुतेक भागात ‘थिएलो’ ऐकू येईल, कोरासोनचं ‘कोराथोन’. लॅटिन अमेरिकेत सगळीकडे ‘स’.

निनाद पुरवठा खाते:
स्पेनमधलं बालेन्सिया. एमएस करताना प्रेमात पडलो. ती ‘ते किएरो’ म्हणायची. मी इंटरनेटवर वाचलेलं की खरं प्रेम म्हणजे ‘ते आमो’, ‘ते किएरो’ म्हणजे तू मला आवडतोस एवढंच. किएरोचा दुसरा अर्थ ‘हवंय’. एक कॉफी हवीय, तेच क्रियापद. सात महिने मी वाट बघतोय की ही ते आमो कधी म्हणणार. ती आईला फोनवर ते किएरो, मैत्रिणीला ते किएरो, मला ते किएरो.
मग ९ ऑक्टोबर आला. तिथे त्या दिवशी सान दियोनीस. पुरुषाने आपल्या बाईला रेशमी रुमालात मार्झिपानची छोटी छोटी फळं-भाज्या बांधून द्यायची. बदामाच्या पिठाची, रंगवलेली, आपल्या काजूच्या फळांच्या मिठाईसारखी. मी दिला रुमाल. तिने गाठ सोडली, एक छोटा टोमॅटो हातात घेतला आणि ते किएरो म्हणून रडली. मी विचारलं, ते आमो का नाही? ती म्हणाली ते सिनेमात म्हणतात. माझ्या आजोबांनी आजीला जन्मभर ते किएरोच म्हटलं.
रुमाल ठेवायचा असतो. तिच्याकडे आता सहा आहेत.

ग्वादालाहाराचा मिरजकर:
मेक्सिकोत नवरा-बायको ते आमो सर्रास म्हणतात हां. फोन ठेवताना पण.

निनाद पुरवठा खाते:
बरं झालं तिकडे गेलो नाही, रुमाल मिळाला नसता.

आजोळ:
चिले. गर्लफ्रेंड-बॉयफ्रेंडला इथे पोलोला-पोलोलो. पोलोलो हा मुळात एक भुणभुणणारा किडा, शब्द तिथल्या मापुचे लोकांच्या भाषेतून आलेला. फुलाभोवती घोटाळतो तसा मुलीभोवती घोटाळणारा तो पोलोलो. त्याचं क्रियापदही आहे, पोलोलेआर. “किती वर्षं पोलोलेआर करताय?” असं आजीसुद्धा विचारते. आपल्याकडे भुंगा कवितेत राहिला, इथे तो कॉलेजच्या कट्ट्यावर आहे.

सान्तियागोला कवी पाब्लो नेरुदाचं घर बघायला गेलो होतो, ‘ला चास्कोना’. चास्कोना म्हणजे विस्कटलेल्या केसांची. त्याच्या प्रेयसीचे, मातिल्दे उरुतियाचे केस तसे होते, तांबूस, दाट. १९५३ मध्ये तिच्यासाठी बांधायला घेतलं आणि घरालाच तिच्या केसांचं नाव दिलं. माझ्या बायकोचे केस तसेच आहेत. तिथून आल्यापासून मी तिला चास्कोना म्हणतो. सासूबाई नागपूरच्या, त्यांना सांगितलं याचा अर्थ झिपरी. त्या म्हणाल्या, मग मी लहानपणापासून तेच म्हणत होते.

रेघोट्या:
मेक्सिको सिटीत कोयोआकानला चित्रकार फ्रीदा काहलोच्या निळ्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोटाएवढी मातीची भांडी चिकटवून फ्रीदा आणि दिएगो अशी नावं काढली आहेत. आणि ती नवऱ्याला, दिएगोला, बेडूक म्हणायची! सापो. तोही चिठ्ठीखाली सापो म्हणून सही करायचा. १९२९ ला लग्न, १९३९ ला घटस्फोट, १९४० ला पुन्हा त्याच्याशीच लग्न. मी त्या भिंतीपुढे खूप वेळ उभी होते. आमचं तेव्हा नीट चाललं नव्हतं. आता चाललंय. एवढंच.

चहाबाज:
@रेघोट्या छान वाटलं वाचून.

मांडवीकाठ:
स्पॅनिश नाही पण शेजारचीच. पणजीला आमच्या वाड्यात एक ख्रिश्चन आजी होत्या, त्या नवऱ्याला पोर्तुगीजमध्ये ‘केरीदु’ म्हणायच्या पाहुणे असताना, आणि पाहुणे गेले की कोंकणीत ‘मोगा’. मी लहानपणी त्यांना विचारलं होतं दोन नावं कशाला. म्हणाल्या, एक बैठकीतलं, एक रांदचेकुडीतलं. स्वयंपाकघर हो.

शब्दखूण:
स्पॅनिशमध्ये तो ‘केरीदो’. पत्राचा मायना पण त्यानेच होतो, “प्रिय”.

बुलबुल_बीए:
कुणी मी बिदा ऐकून घाबरलंय का? माझ्या सासऱ्यांनी फोनवर ‘बिदा’ ऐकलं आणि त्यांना वाटलं मुलगा निघाला परत भारतात, बिदा करतेय सून त्याला. विमानतळावर कुणाला पाठवू विचारत होते. तिकडे ‘व’ आणि ‘ब’ एकच हे त्यांना समजावता समजावता बिल ५०० रुपये झालं असेल, तेव्हा व्हॉट्सअॅप कॉल नव्हते.

सिंधू_६२:
मेदिया नारान्खा म्हणजे काय. जावई लग्नात भाषणात म्हणाला होता. मुलगी म्हणाली अर्धे संत्रे. मला बरोबर वाटेना.

शब्दखूण:
बरोबरच आहे ताई. अर्धं संत्रं, म्हणजे जोडीचं दुसरं अर्धं. एका संत्र्याची दोन अर्धी एकमेकांनाच बसतात, दुसऱ्या कुठल्या संत्र्याला नाही. तुमच्या सेविल्यात तर रस्त्यांवर संत्र्याचीच झाडं.

सिंधू_६२:
हो हो. फुलांचा वास येतो एप्रिलात. पण ती कडू आहेत, खात नाहीत, मुरंबा करतात.

कुंदा_ता:
मुरंब्याची कृती येऊ द्या ताई

सिंधू_६२:
जावयाला विचारून लिहिते.

खारीक:
@भटकभवानी तुन्खाचे काका-काकू आहेत का आता?

भटकभवानी:
काका २०१९ ला गेले. काकूंशी दर डिसेंबरात फोन होतो. या रविवारी मुद्दाम केला. रुआना सापडली म्हटलं. त्यांनी विचारलं, कसर लागली नाही ना, मग म्हणाल्या ती मुळात काकांचीच होती, जुनी, सुमर्सेची, तू निघालीस तेव्हा तेच म्हणाले की पोरीला दे, तिच्या गावात थंडी असेल. मला इतकी वर्षं वाटत होतं बाजारातून आणली. सांगलीत कसली थंडी. आता ती परत माळ्यावर नाही टाकणार.

चहाबाज:
काल केलं. कोल्हापुरी गूळ, दालचिनी, अमूलचं चीज. गच्चीत दोन कप घेऊन गेलो. बायकोपुढे कप धरला आणि म्हटलं, सुमर्से. ती म्हणाली, कोण मेली ही? सगळं सांगितलं, तुझी आजीची बांगडी पण. प्यायली. चीज चमच्याने खाल्लं. मग कप ठेवताना चमचा दोनदा वाजवला कपावर आणि माझ्याकडे बघितलं.

कुंदा_ता:
चीज किसून की तुकडा?

चहाबाज:
तुकडा.